मतपेटीला उलटतपासणी नसते

मी साताऱ्याला दिवाणी वकिली करते. वाटपाचे दावे, मृत्युपत्रं, वहिवाटीचे रस्ते, ताबा. अमेरिकेच्या कायद्यावर बोलायचा मला तसा अधिकार नाही. पण तिथल्या एका खटल्याचं कामकाज मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलंय आणि त्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात आहे. खटला २०१० सालचा, सॅन फ्रान्सिस्कोच्या संघीय जिल्हा न्यायालयातला. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी समलिंगी लग्नावर घातलेली बंदी टिकते का, एवढाच त्यातला प्रश्न.

कामकाजाच्या प्रती मला माझ्या भाचीने पाठवल्या. ती ऑकलंडला असते, तिच्या बायकोबरोबर. दोघी मागे इकडे आल्या होत्या तेव्हा हा विषय निघाला. आमचे दाजी, म्हणजे तिचे वडील, निवृत्त मुख्याध्यापक. मुलीचं लग्न त्यांनी मनापासून स्वीकारलंय. पण त्यांचं म्हणणं असं, की लोकांनी मतदान करून नाही म्हटलेलं एका न्यायाधीशाने हो कसं म्हणायचं? उद्या कुणीही उठेल आणि लोकांचा कौल फिरवेल. शाळेत नागरिकशास्त्र शिकवलेला माणूस आहे, त्यांचा प्रश्न खरा होता. भाची म्हणाली, "मावशी, तू सांग." मी म्हटलं, वाचून सांगते.

आधी थोडी हकीकत. २००० साली कॅलिफोर्नियात मतदारांनी एक साधा कायदा मंजूर केला होता: लग्न फक्त स्त्री आणि पुरुषाचं. मे २००८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो ४ विरुद्ध ३ मतांनी रद्द केला आणि जून महिन्यापासून लग्नं सुरू झाली. राज्यघटनेच्या आधारे कायदा पडला, म्हणून विरोधकांनी राज्यघटनाच बदलायला घेतली. आपल्याकडे घटनादुरुस्तीला संसदेत दोन तृतीयांश मतं लागतात. तिथे ठरावीक सह्या गोळा केल्या की प्रस्ताव थेट मतपत्रिकेवर जातो आणि साध्या बहुमताने राज्यघटनेत शब्द घातले जातात. प्रस्ताव क्रमांक ८ मध्ये इंग्रजीत जेमतेम चौदा शब्द होते. ४ नोव्हेंबर २००८ ला, ओबामा निवडून आले त्याच दिवशी, ७० लाख लोकांनी त्याला होय म्हटलं आणि ६४ लाखांनी नाही. बंदी ५२ टक्क्यांनी जिंकली. जून ते नोव्हेंबरच्या फटीत सुमारे १८,००० जोडप्यांची लग्नं लागली होती, त्यांचं काय होणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

(तारीख वाचून मी थबकले होते. बरोबर साठ वर्षांपूर्वी, ४ नोव्हेंबर १९४८ ला, बाबासाहेबांनी संविधानाचा मसुदा मांडताना म्हटलं होतं की संवैधानिक नीती ही उपजत भावना नसते, ती जोपासावी लागते.)

पहिलं आव्हान राज्याच्याच न्यायालयात गेलं. मुद्दा असा, की हा बदल म्हणजे साधी दुरुस्ती आहे की घटनेचा गाभाच बदलणारा फेरफार? फेरफार असेल तर नुसत्या मतदानाने तो करता येत नाही. केशवानंद भारती खटला (संविधानाचा गाभा संसदेलाही बदलता येत नाही, असं सांगणारा) वाचलेल्या कुठल्याही भारतीय वकिलाला हा युक्तिवाद ओळखीचा वाटेल. पण मे २००९ मध्ये न्यायालयाने ६ विरुद्ध १ मतांनी ती साधी दुरुस्तीच ठरवली. आधी लागलेली लग्नं कायम राहिली, पुढची बंद. न्यायमूर्ती कार्लोस मोरेनो एकटे विरोधात होते. एखाद्या अल्पसंख्य गटाचा मूलभूत हक्क बहुमताने काढून घेता येत असेल तर समतेच्या कलमाला उरलं काय, असा त्यांच्या निकालपत्राचा रोख. मला तो निर्विवाद पटतो.

मग दावा संघीय न्यायालयात गेला. वादी दोन जोडपी. बर्कलीच्या क्रिस पेरी आणि सँडी स्टीअर, बरबँकचे पॉल काटामी आणि जेफ झरिल्लो. वकील टेड ओल्सन आणि डेव्हिड बॉइज. हे दोघं २००० साली अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या वादात, बुश विरुद्ध गोर प्रकरणात, एकमेकांसमोर उभे होते, इथे एकाच बाकावर बसले. गव्हर्नर श्वार्झनेगर आणि ॲटर्नी जनरल जेरी ब्राउन, दोघांनीही बंदीचा बचाव करायला नकार दिला. म्हणून बंदीच्या पुरस्कर्त्यांनी स्वतः सामील होऊन बाजू लढवली. न्यायाधीश व्हॉन वॉकर.

आणि वॉकरांनी जे केलं, त्यासाठी मी हे सगळं लिहिते आहे. घटनेच्या प्रश्नावर नुसते युक्तिवाद ऐकून निकाल देता आला असता. बहुतेक ठिकाणी तसंच होतं. त्यांनी सांगितलं, पुरावा घेऊ. साक्षीदार आणा, शपथ द्या, सरतपासणी होऊ दे, उलटतपासणी होऊ दे.

प्रचारात काय झालं होतं ते आधी बघा. दोन्ही बाजूंनी मिळून आठ कोटी डॉलरच्या वर खर्च केला. बंदीच्या बाजूची सगळ्यात गाजलेली जाहिरात अशी: एक लहान मुलगी शाळेतून घरी येते आणि आईला सांगते, आज आम्ही शिकलो की एका राजपुत्राने दुसऱ्या राजपुत्राशी लग्न केलं, आणि मीसुद्धा राजकन्येशी लग्न करू शकते. आईचा चेहरा पडतो. एवढंच. त्यात पुढे कुणाला काय इजा झाली, हे सांगायची गरजच नव्हती. पाहणाऱ्या आईबापांच्या पोटात गोळा आला की काम झालं.

मतदाराला कारण विचारता येत नाही, आणि विचारूही नये. गुप्त मतदानाचा अर्थच तो. एखाद्याने धर्मश्रद्धेने मत दिलं असेल, एखाद्याने भीतीने, एखाद्याने जाहिरात बघून. मोजताना सगळी मतं सारखी. हे सरकार निवडायला ठीक आहे. पण दुसऱ्याचं लग्न मोडायला निघालात, तर कुठेतरी, कधीतरी, कुणीतरी तुम्हाला "का?" असं विचारायला हवं आणि तुम्हाला शपथेवर उत्तर द्यायला लागायला हवं. त्या खटल्यात हे झालं. म्हणून तो मला इतका महत्त्वाचा वाटतो.

सुरुवात खटल्याआधीच झाली होती. ऑक्टोबर २००९ मध्ये एका अर्जाची सुनावणी होती. बंदीच्या बाजूचे वकील चार्ल्स कूपर, मोठे नाणावलेले, सांगत होते की लग्नाचा मूळ हेतू संतती. वॉकरांनी विचारलं, समजा तसं आहे, मग समलिंगी जोडप्यांना लग्न करू दिलं तर त्या हेतूला धक्का कसा लागतो? कूपर घोटाळले. न्यायाधीशांनी पुन्हा विचारलं. शेवटी कूपर म्हणाले, माझं उत्तर आहे, मला माहीत नाही. मला माहीत नाही. या उत्तरासाठी मला त्या माणसाबद्दल आदर वाटतो. कोर्टाला काहीतरी थातुरमातुर सांगून वेळ मारून नेणारे वकील मी रोज बघते.

११ जानेवारी २०१० ला साक्षी सुरू झाल्या. खटल्याचं चित्रीकरण बाहेर दाखवायचं ठरत होतं, ते अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ ने अडवलं. म्हणून कागदच वाचावे लागतात. पहिल्या दिवशी चारही वादींच्या साक्षी. झरिल्लोंनी सांगितलं की हॉटेलात खोली घेताना काउंटरवरचा माणूस दर वेळी विचारतो, एकच मोठा पलंग, तुम्हाला नक्की हेच हवंय ना? क्रिस पेरींचं लग्न २००४ साली एकदा लागलं होतं, सॅन फ्रान्सिस्कोच्या महापौरांनी परवाने द्यायला सुरुवात केली तेव्हा. काही महिन्यांनी न्यायालयाने ती सगळी लग्नं रद्द ठरवली आणि तसं छापील पत्र त्यांना घरी आलं. मी लग्न करण्याच्या योग्यतेची नाही असं तेव्हा वाटलं, असं त्या म्हणाल्या. दोघींचे मिळून चार मुलगे होते. या साक्षी वाचताना मला आपल्या कोर्टातल्या बायका आठवत राहिल्या, नांदवत नाही म्हणून आलेल्या, ज्यांना स्वतःच्या अपमानाची गोष्ट परक्या माणसांसमोर, टंकलेखकाचा हात चालेल त्या गतीने सांगावी लागते.

सॅन दिएगोचे महापौर जेरी सँडर्स यांची साक्ष मी दोनदा वाचली. रिपब्लिकन पक्षाचे, आधी त्याच शहराचे पोलीसप्रमुख. त्यांची मुलगी समलिंगी. तरी नगर परिषदेचा समलिंगी विवाहाच्या बाजूचा ठराव फेटाळायचं त्यांनी ठरवलं होतं. २००७ मध्ये ऐनवेळी निर्णय फिरवला आणि पत्रकारांसमोर त्यांना रडू आवरलं नाही. कोर्टात त्यांनी मान्य केलं की आपल्या मनात पूर्वग्रह होता, द्वेष नव्हता, पण पूर्वग्रह होता. बापाचं मुलीवर प्रेम आहे, तिच्या जोडीदाराशी तो मायेने वागतो, आणि तरी कागदावर सही करताना हात मागे येतो. दाजींना मी हेच पान वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, चष्मा काढून स्वतः पुन्हा वाचलं.

मग हॅक-शिंग विल्यम टॅम. हे प्रस्तावाच्या अधिकृत पुरस्कर्त्यांपैकी एक. स्वतः होऊन खटल्यात सामील झाले होते आणि सुनावणी तोंडावर आल्यावर बाहेर पडू पाहत होते. वादींनीच त्यांना विरुद्ध बाजूचा साक्षीदार म्हणून पुकारलं. प्रचाराच्या काळात त्यांनी लिहिलं होतं की नेदरलँड्समध्ये समलिंगी लग्नं कायदेशीर झाली आणि मागोमाग रक्ताच्या नात्यातले संबंध आणि बहुपत्नीत्वसुद्धा कायदेशीर झालं. असं तिथे काहीही झालेलं नाही. बॉइजनी विचारलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं? उत्तर आलं: इंटरनेटवर आहे.

दिवाणी वकिलाला अशी उत्तरं ओळखीची असतात. "गावात सगळे म्हणतात" असं सांगणारा साक्षीदार दर आठवड्याला भेटतो. पण हे वाक्य इथे वेगळ्याच वजनाचं होतं. तीच माहिती निवडणुकीत मतदारांमध्ये पसरवून झाली होती. ती वाचून किती जणांनी मत ठरवलं असेल, हे कधीच कळणार नाही. वाचणाऱ्याला उलट प्रश्न विचारायची सोय नव्हती.

बचावाच्या बाजूने शेवटी दोनच तज्ज्ञ उभे राहिले. बाकीच्यांची नावं साक्षीदारांच्या यादीत होती, चित्रीकरणामुळे जीव धोक्यात येईल असं सांगून ती काढून घेतली. पण चित्रीकरण बाहेर दाखवलं जाणार नाही हे ठरून गेल्यावरही ते आले नाहीत. जे आले त्यातले मुख्य डेव्हिड ब्लँकनहॉर्न. त्यांची उलटतपासणी विधी महाविद्यालयात शिकवावी अशी आहे. बॉइज एकेक गोष्ट त्यांच्या तोंडून वदवून घेतात. समलिंगी जोडप्यांना लग्न करू दिलं तर त्यांचं आणि त्यांच्या मुलांचं भलं होण्याची शक्यता आहे? हो. ज्या दिवशी आपण असं लग्न मान्य करू त्या दिवशी आपण आदल्या दिवसापेक्षा जास्त अमेरिकन असू, असं तुम्हीच लिहिलंय? हो. हे बंदीच्या बाजूचे प्रमुख साक्षीदार! दोन वर्षांनी, जून २०१२ मध्ये, ब्लँकनहॉर्न यांनी जाहीरपणे लिहून आपला विरोध मागे घेतला.

निकालानंतर बॉइज एका मुलाखतीत म्हणाले की साक्षीदाराची जागा ही खोटं बोलायला फार एकाकी जागा असते. वकिलीत इतकी वर्षं काढल्यावर मी याला दुजोरा देते. पिंजऱ्यात माणूस एकटा असतो. सभेतली गर्दी, टाळ्या, जात, भावकी, सगळं दाराबाहेर राहतं.

४ ऑगस्ट २०१० ला निकाल आला. सव्वाशेहून जास्त पानं, त्यात वस्तुस्थितीबद्दलचे ऐंशी क्रमांकित निष्कर्ष, प्रत्येकाखाली पुराव्याचा हवाला. दाजींच्या प्रश्नाचं उत्तर त्यात सरळ दिलेलं आहे. १९४३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळेत झेंड्याला सलामी न देणाऱ्या मुलांच्या बाजूने निकाल दिला होता, त्यातलं वाक्य वॉकरांनी घेतलं: मूलभूत हक्क मतदानाला टाकता येत नाहीत, ते कुठल्याही निवडणुकीच्या निकालावर अवलंबून नसतात. आपल्याकडे १९८६ मध्ये केरळच्या तीन मुलांसाठी, राष्ट्रगीताला उभी राहत पण गात नव्हती म्हणून शाळेतून काढलेल्या, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हीच दिशा धरली होती. दाजींना ते प्रकरण चांगलं आठवत होतं. त्या वेळी ते स्वतः शाळेत शिकवत होते.

कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी असं पहिल्यांदा केलं होतं असंही नाही. घर विकताना किंवा भाड्याने देताना वंशावरून भेदभाव करायला मनाई करणारा कायदा १९६४ साली त्यांनी मोठ्या बहुमताने निष्प्रभ केला. न्यायालयांनी तो कौल रद्द केला. तसं झालं नसतं, तर आज फ्रीमाँट आणि सनीव्हेलमध्ये घरं घेऊन राहणाऱ्या आपल्या मराठी मुलांना कुठल्या गल्लीत कुणी दारात उभं केलं असतं?

पुढचा प्रवास तांत्रिक आहे. निकालाला स्थगिती मिळाली. अपिलात २०१२ मध्ये तो कायम झाला. सर्वोच्च न्यायालयाने २६ जून २०१३ ला ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की राज्य सरकारने अपील केलेलं नाही, आणि पुरस्कर्त्यांची स्वतःची काही हानी झालेली नाही, त्यामुळे त्यांना अपिलाचा अधिकारच नाही. आपल्या भाषेत लोकस नाही. गुणदोषांवर निर्णय झालाच नाही, वॉकरांचा निकाल तसाच उभा राहिला. यात अल्पमताच्या न्यायमूर्तींचं म्हणणं मला दुर्लक्ष करण्यासारखं वाटत नाही: सरकारला वळसा घालण्यासाठीच जनतेला प्रस्तावाचा अधिकार दिला असेल, तर सरकारने बचाव सोडून दिला की तो प्रस्ताव मरतो हे बरोबर कसं? एवढ्या मोठ्या पुराव्यानंतर शेवट लोकसच्या मुद्द्यावर व्हावा याची वकील म्हणून मला हळहळ आहे. दोन दिवसांनी पेरी आणि स्टीअर यांचं लग्न सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी हॉलमध्ये लागलं, लावणाऱ्या होत्या तेव्हाच्या ॲटर्नी जनरल कमला हॅरिस.

पुरावा घेऊन चाललेला असाच दुसरा खटला मिशिगनचा. तो मला फार आवडतो. एप्रिल डीबोअर आणि जेन राउस, दोघी नर्स, विशेष गरजा असलेली मुलं त्यांनी दत्तक घेतलेली. पण कायद्याने प्रत्येक मूल दोघींपैकी एकीचंच. त्यांनी २०१२ मध्ये दावा लावला तो फक्त दत्तकाच्या नियमाविरुद्ध. न्यायाधीश बर्नार्ड फ्रीडमन यांनीच त्यांना सुचवलं की तुमचं खरं दुखणं राज्याची विवाहबंदी आहे, दावा दुरुस्त करा. ऑर्डर ६ रूल १७ खाली दावा दुरुस्तीचे अर्ज करून करून चपला झिजवणाऱ्या आम्हा वकिलांना हे वाचून गहिवरून येईल. ती बंदी २००४ साली ५९ टक्के मतांनी आली होती. २०१४ मध्ये साक्षी झाल्या, आणि राज्याच्या मुख्य तज्ज्ञाची साक्ष न्यायाधीशांनी पूर्णपणे अविश्वसनीय ठरवली. वॉकरांना थोरल्या बुश यांनी नेमलेलं, फ्रीडमन यांना रेगन यांनी. पुरावा समोर आल्यावर नेमणूक कुणाची हा प्रश्न मागे पडला.

पण फ्रीडमन यांचा निकाल अपिलात फिरला, आणि फिरवणारे न्यायमूर्ती जेफ्री सटन यांचं निकालपत्र दाजींच्या बाजूचं सर्वांत चांगलं लिखाण आहे. नोव्हेंबर २०१४. त्यांचा मथितार्थ असा, की हा बदल वकील-न्यायाधीशांनी आणण्यापेक्षा लोकांनी एकमेकांची मनं वळवून, नेहमीच्या राजकीय मार्गाने आणलेला बरा. मग आपल्या कथेचे नायक लोक स्वतः होतील. हे वाचून मी बराच वेळ विचार केला. यात तथ्य आहे. २०१२ मध्ये मेन, मेरीलँड आणि वॉशिंग्टन या राज्यांनी मतदानानेच समलिंगी लग्नं मान्य केली होती. आणि खुद्द कॅलिफोर्नियात ५ नोव्हेंबर २०२४ ला मतदारांनी साठ टक्क्यांहून जास्त मतांनी ते जुने चौदा शब्द राज्यघटनेतून खोडून टाकले. तोवर भाची नागरिक झाली होती. २००८ ला ती विद्यार्थिनी होती, मत नव्हतं. या वेळी दोघींनी जाऊन मत दिलं. ओल्सन त्याच महिन्यात वारले.

म्हणजे लोक बदलले. सोळा वर्षं लागली. पण सोळा वर्षं थांबायची सगळ्यांची तब्येत असते का? डेल मार्टिन आणि फिलिस लायन पन्नासहून जास्त वर्षं एकत्र राहत होत्या. जून २००८ मध्ये त्यांचं लग्न लागलं आणि ऑगस्टमध्ये डेल गेल्या. ती फट उघडली नसती तर त्या अविवाहित म्हणून गेल्या असत्या. ओहायोचे जॉन आर्थर दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळले होते. त्यांच्या राज्यात २००४ च्या मतदानाने बंदी. म्हणून जुलै २०१३ मध्ये जिम ओबरगफेल त्यांना रुग्णविमानातून मेरीलँडला घेऊन गेले. बाल्टिमोरच्या विमानतळावर, विमान धावपट्टीच्या कडेला उभं असताना, विमानातच लग्न लागलं आणि ते तसेच परत आले. मृत्यूच्या दाखल्यावर वैवाहिक स्थितीच्या रकान्यात विवाहित लिहिलं जावं आणि जोडीदाराचं नाव यावं, एवढी त्यांची मागणी. जॉन ऑक्टोबरमध्ये गेले. मिशिगनचं आणि हे प्रकरण एकत्र होऊन २६ जून २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी देशभरातल्या बंद्या उठवल्या. सटन यांच्या निकालपत्रात मला एकाच गोष्टीची उणीव वाटते: मनं वळेपर्यंत मरणाऱ्यांचं काय, याची.

आता आपल्याकडे. आपल्याला मतदान नको, कारण तशी तरतूदच नाही. एप्रिल-मे २०२३ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने समलिंगी लग्नाच्या मागणीवर दहा दिवस सुनावणी घेतली, आणि ती घरबसल्या बघता आली. अमेरिकेला जे जमलं नाही ते आपण केलं, याचा मला अभिमान वाटला. पण रिट अर्जांवर पुरावा नोंदवला जात नाही. शपथपत्रं आणि युक्तिवाद. सरकारने म्हटलं की ही शहरी उच्चभ्रूंची मागणी आहे. तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी तिथेच सांगितलं की याला आधार असलेली कुठलीही आकडेवारी सरकारकडे नाही. पण ते विधान करणाऱ्या कुणाला पिंजऱ्यात उभं करून विचारता आलं नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला निकाल लागला: लग्नाचा मूलभूत हक्क नाही, कायदा करायचा तर संसदेने. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचाराचे अर्जही फेटाळले गेले.

मला त्या पिंजऱ्यात उभ्या केलेल्या बघायच्या होत्या माझ्याच दोन पक्षकार. तपशील थोडे बदलून सांगते. आमच्याच जिल्ह्यातल्या, एक दूध संकलन केंद्रावर, दुसरी शिलाई करते. पन्नाशीच्या पुढच्या. कापडी पिशवीतून त्यांनी माझ्या टेबलावर कागद काढले: गॅसचं पुस्तक, वीजबिलं, घरपट्टीच्या पावत्या रबराने बांधलेल्या. पावत्या चाळताना लक्षात आलं की एक वर्ष एकीने भरलीय, पुढचं दुसरीने, अशी आलटूनपालटून. घर पहिलीच्या नावावर. तिचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यात रक्ताचं नातं कोण म्हणून विचारलं आणि वर्षानुवर्षं न भेटलेल्या भावाला पनवेलहून सहीला बोलवावं लागलं. तो आला, सही केली, आणि जाताना घराचा उतारा मागून गेला. तेव्हा घाबरून दोघी माझ्याकडे आल्या. त्यांचा प्रश्न होता, "मॅडम, ही गेली तर मला घरातून काढतील का?" हो, काढता येईल. मृत्युपत्र नसेल आणि आईवडील हयात नसतील, तर घर भावाकडे जातं. या दोघींनी शहर म्हणून सातारा आणि फार तर पुणे पाहिलंय. उच्चभ्रू!

म्हणून जे आज करता येतं ते सांगते, कारण हे वाचणाऱ्यांत कुणी ना कुणी त्यांच्यासारखं असेल. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने स्पष्ट केलंय की समलिंगी जोडप्याला बँकेत संयुक्त खातं काढायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नाही. ते करून घ्या. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, वारस येऊन पैसे मागू शकतात, त्यामुळे तेवढ्यावर थांबू नका. मुखत्यारपत्र आजारपणात उपयोगी पडतं, पण माणूस गेला की ते संपतं. मृत्युपत्र करा. सक्ती नसली तरी दुय्यम निबंधकाकडे नोंदवा, त्या दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडा. घरपट्टी, भाडेकरार, दवाखान्याची बिलं, एकत्र राहिल्याचा प्रत्येक कागद जपून ठेवा. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. आणि म्हातारे किंवा परगावचे निवडू नका. तुमच्यापेक्षा वयाने लहान, जवळ राहणारा, न घाबरणारा माणूस बघा. भावाने मृत्युपत्राला हरकत घेतली तर त्या साक्षीदारालाच कोर्टात येऊन शपथेवर सांगावं लागेल की तुम्ही त्याच्यासमोर सही केली होती, आणि समोरचा वकील त्याला तासभर प्रश्न विचारेल.